जिन्यातलं हसू

"सगळ्याला मान डोलावणारा माणूस दिसला ना, की आधी त्याचे कान तपास. स्वभाव मागाहून तपासता येतो," असं मोठ्या बाई तिला कामाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, आणि तिने मान डोलावली होती. मोठ्या बाई म्हणजे कानांच्या दवाखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. लोकांचे कान तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि दर दोन वाक्यांमागे एक शिकवण सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. हिच्याकडे पदवी होती, करकरीत, अजून घडीही न मोडलेली. तिला वाटलं, वय झालं की माणसं अनुभवाच्या पुड्या बांधत बसतात, आपण घ्यायच्या आणि पर्समध्ये टाकून विसरून जायच्या. "आणि ऐक," बाई पुढे म्हणाल्या होत्या, "ज्याला ऐकू येत नाही तो भांडत नाही, हसतो. भांडायचं तर समोरचा काय म्हणाला ते आधी कळावं लागतं." हे तर तिने धड ऐकलंही नव्हतं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि ती गाडी भिंतीला लागते की काय एवढंच ती बघत होती.

मंगळवारी साडेअकराला तिने बाहेर येऊन कागदावरचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर बाकावरच्या एका बाईने शेजारच्या म्हाताऱ्याला कोपराने ढोसलं, आणि भोंगा उठून उभा राहिला. नाव ओळखीचं वाटायचा प्रश्नच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या या माणसाला गेले चार महिने तिच्या घरात भोंगा याशिवाय दुसरं नाव नव्हतं. तो तिच्याकडे बघून हसला, तेच जिन्यातलं तोंडभर हसू, आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे! तुम्ही! म्हणजे घरचंच काम झालं!" सगळ्या जगाने मिळून याचे कान बरे केले असते तरी तिची काहीच हरकत नव्हती. फक्त एक वाक्य त्या कानांवर कधी पडू नये, एवढंच तिला हवं होतं. ते वाक्य तिचं होतं.

आत आवाजबंद खोली आहे, मोठ्या कपाटाएवढी. भिंतींना जाड मऊ गादी, एक खुर्ची आणि एक काच. काचेच्या आत तपासून घेणारा बसतो, बाहेर तपासणारी. आतल्याच्या हातात बटण असतं. आवाज आला, कितीही बारीक आला, की दाबायचं. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले तेव्हा त्याच्या केसांना साबणाचा वास आला. केस मागे एका बाजूला जास्त कापले गेले होते. आरसा पाठीमागे धरायला घरात दुसरं कुणी नसलं की असे कापले जातात. हे तिच्या लक्षात आलं आणि लक्षात आल्याचाच राग आला. बाहेर येऊन तिने पहिला सूर सोडला. त्याने बटण दाबलं. आवाज कमी केला. दाबलं. आणखी कमी केला, तिच्या स्वतःच्या कानांना ऐकू येईल न येईल इतका. त्याने दाबलं आणि काचेतून हसला. क्षणभर तिचं मन कसं हलकं झालं! ऐकू येतंय की याला! म्हणजे सोंगच होतं, म्हणजे आपलं बरोबरच होतं! आणि मग तिला दिसलं की त्याची नजर तिच्या खांद्यावर आहे. ती सूर सोडते तेव्हा तिचा उजवा खांदा कणभर वर जातो, आणि खांदा गेला की तो बटण दाबतो. तपासणारीने खांदा हलवायचा नसतो, हा धंद्याचा पहिला धडा. तिने मुद्दाम सूर न सोडता खांदा हलवला. त्याने दाबलं. जिन्यात म्हणायचा तसंच तो बटणानेही तिला म्हणत होता, हो हो, अगदी.

चार महिन्यांपूर्वी ती आणि नवरा या घरात राहायला आले तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. नवऱ्याची दुसरी पाळी. ती दीडला घरी पोचायची, तो दारात बूट घालून तयारच असायचा, आणि दारातच बाळाची बदली व्हायची, या हातातून त्या हातात. "दूध झालंय, शी झाली नाही, रडून घेतलंय," एवढा अहवाल देऊन तो जिना उतरायचा. मग ती एकटी. बाळाचा श्वास चालू आहे ना हे बघायला ती दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकापुढे बोट धरायची. खिडकीचा गज, प्लगचं भोक, पांघरुणाची दोरी, सगळ्या घराकडे ती शत्रूकडे बघावं तशी बघायची. दोनला कसंबसं बाळ झोपायचं, आणि सव्वादोनला छताच्या वर रेडिओ सुरू व्हायचा. गाणं असो, बातम्या असोत, खाली यायची ती नुसती धडधड, पाटा-वरवंटा कुणी डोक्यावर ओढत असल्यासारखी. बाळ दचकून उठायचं. ती पहिल्यांदा जिन्यात त्याला गोड बोलली होती. "काका, दुपारी रेडिओ जरा हळू लावाल का, बाळ झोपतं." तो म्हणाला होता, "हो हो, अगदी." दुसऱ्या दिवशी पुन्हा धडधड. आठ दिवसांनी ती जरा जोरात बोलली. "हो हो, अगदी," आणि वर म्हणतो कसा, "गुणी आहे हो बाळ तुमचं! आवाज म्हणून नाही!" आदल्या रात्री बाळ बारापासून चारपर्यंत ओरडत होतं. तिला वाटलं, टोमणा. काय पण लागट म्हातारा! घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चिठ्ठी टाक ना दारातून. दोन ओळी लिही, मिटव." तर ती फणकारली, "लिहायचं कशाला? माणसाला कान आहेत ना?" रोज बहिऱ्यांच्यात काम करणारी बाई हे वाक्य बोलली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि खरं सांगायचं तर अंधार तरी कुठे पुरता होता? ती आता हात मांडीवर घट्ट दाबून, खांदा न हलवता, काचेतून त्या माणसाकडे बघत होती, आणि तिला आठवत होतं की दवाखान्यात ती कधी कुणावर आवाज चढवत नाही. एकच गोष्ट सात वेळा सांगते, समोर जाऊन, उजेडात, ओठ दिसतील असं तोंड करून. लोक बाईंना येऊन सांगतात, तुमची ती मुलगी किती शांत हो. ती शांतता पांढऱ्या कोटाची होती. एक वाजता कोट खुंटीला लागायचा, धीरही त्याच्याबरोबर लागायचा, आणि घरी जायची ती दुसरीच कुणीतरी, दात-ओठ खाणारी, झाडूच्या दांड्याने छत बडवणारी. माणसाचा स्वभाव म्हणजे नक्की कुठला मग? कोटातला की कोटाबाहेरचा? हा प्रश्न तिने पूर्वी कधी स्वतःला विचारला नव्हता, कारण उत्तर तिला येत होतं.

दीड महिन्यापूर्वीची दुपार. बाळाचा पहिला दात येत होता. ताप, लाळ, किरकिर. अंगावर ओकलेला सदरा बदलायलाही तिला उसंत नव्हती. तीन वाजता वर धडधड सुरू झाली, आणि नेमकं तासाभराच्या झुंजीनंतर मिटलेले बाळाचे डोळे उघडले. ती बाळाला कडेवर घेऊन तशीच बाहेर आली. तो जिना उतरत होता, रेडिओ वर चालूच ठेवून, हातात रिकामी पिशवी. तिला बघून थांबला, बाजूला झाला, हसला. समोरच्या दारातली बाई कुलूप लावत होती, तिच्यासमोर आरडाओरडा नको होता. म्हणून तीही हसली, चांगली दात दाखवून, आणि मऊ, लाडिक आवाजात, जसं बाळाशी बोलतात तसं, म्हणाली, "एकदाचे मरा ना काका, म्हणजे मी सुटेन." "हो हो, अगदी," तो म्हणाला, आणि कपाळाला हात लावून जाता जाता, "तुम्हालाही!" समोरच्या बाईपर्यंत हे पोचलंच नाही. घरात येऊन ती भिंतीला टेकून खूप वेळ हसली. दुसऱ्या दिवशी बदलीच्या वेळी नवऱ्याला तिने रंगवून सांगितलं, त्याच्या "तुम्हालाही"ची नक्कल करून. नवरा वाकून बुटाची नाडी बांधत होता. तो थांबला.

"असं म्हणालीस?"

"गंमत रे. त्याला कुठे..."

"त्याला कुठे काय?"

ती थांबली होती. "त्याला कुठे ऐकू येतंय" हे शब्द तिच्या ओठांशी तयार होते. म्हणजे तिला माहीत होतं. महिना झाला असेल, दोन झाले असतील, आत कुठेतरी तिला पक्कं माहीत झालं होतं. तिला नाही कळणार तर कुणाला? पण कळलं म्हणून कबूल केलं असतं, तर भांडण संपलं असतं. म्हाताऱ्याला हाताला धरून दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि दुपारी तीन वाजता रागवायला जगात कुणीच उरलं नसतं. नवरा नाडी बांधून उठला आणि "येतो" एवढंच म्हणून गेला. त्या दिवशी अहवाल द्यायला तो विसरला.

तिने आवाजबंद खोलीचं दार उघडून खुर्ची फिरवली, त्याची पाठ काचेकडे केली. "इकडे बघायचं नाही, काका," तिने त्याच्या समोर वाकून, ओठ दाखवत सांगितलं. "हो हो," तो म्हणाला, पण या वेळी हसला नाही, पकडला गेल्यासारखा मान खाली घालून बसला. मग तिने पुन्हा सूर सोडायला सुरुवात केली. जाड, खालचे आवाज त्याने पकडले. वरचे सूर सुरू झाले आणि बटण गप्प झालं. ती आवाज वाढवत गेली, वाढवत गेली. काचेपलीकडे ती झिजलेली कॉलर आणि वाकडे कापलेले केस स्थिर होते, आणि बटणावरचा अंगठा वाट बघत होता, शहाण्या मुलासारखा. कागदावर रेघ उतरत गेली, पायरी पायरीने. बाईमाणसाचा आवाज त्या रेघेपलीकडे, त्याला न ऐकू येणाऱ्यांत गेला. बाळाचं रडणं तर कधीच गेलं होतं. गुणी आहे हो बाळ तुमचं, आवाज म्हणून नाही. टोमणा नव्हताच तो. तिच्या बाळाचं असं कौतुक आजवर दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

"छत्तीस वर्षं छापखान्यात काढली," तो बाहेर येऊन बसल्यावर सांगू लागला. "मशीनशेजारी. आम्ही तिथे बोलायचोच नाही तोंडाने, नुसते ओठ हलवायचे. मालकाला समोरासमोर शिव्या द्यायचो, त्याला पत्ता नाही!" आणि तो खो खो हसला. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्याही हसल्या. हिच्या मात्र तळहातांना घाम सुटला. ओठांवरून वाचणारा माणूस! "आता हो, नजर थोडी मंदावली तशी ओठही पुसट झाले," तो म्हणाला. "रेडिओवर हात ठेवून बसतो. वाजतोय एवढं कळतं हाताला. बरं वाटतं, कुणीतरी घरात असल्यासारखं." तिने घरी नेऊन वापरून बघायचं, नमुन्याचं ऐकण्याचं मशीन त्याच्या कानामागे बसवलं. त्याचं टिकलीएवढं बॅटरीचं दार कसं लावायचं ते शिकवलं. दार लावलं की चालू, उघडलं की बंद. बोटं जाड असूनही तो पटकन शिकला, आयुष्यभर यंत्रांशी राहिलेला माणूस.

आता दवाखान्याची एक रीत होती, बाईंनी घातलेली. मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर त्यात पहिला आवाज घरच्या माणसाचा जावा. दवाखान्यातल्यांनी तोंड मिटून बसायचं. बायको बोलते, मुलगा बोलतो, नात एखादं बडबडगीत म्हणते, आणि म्हातारी माणसं हमखास रडतात. बाईंनी लिहून विचारलं, बरोबर कोण आहे? त्याने कागद वाचला आणि हिच्याकडे बोट केलं. "ह्या आहेत की! खालीवर राहतो आम्ही. ह्याच बोलतील." मग तिच्याकडे वळून, तोच मोठा आवाज जमेल तितका लहान करत म्हणाला, "तुमच्यामुळेच आलो खरं तर. दोन महिने तुम्ही रागावलेल्या होतात. ते दिसत होतं हो, काय चुकलं ते कळत नव्हतं. मग त्या दिवशी जिन्यात तुम्ही हसून बोललात. पहिल्यांदाच. म्हटलं, मिटलं! पण काय म्हणालात ते राहूनच गेलं. हसणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. तर तेच म्हणा आता. पहिलं वाक्य ते होऊ दे."

त्याने मशीनचं दार लावलं. टक. बाई दारात, चष्मा कपाळावर, कौतुकाने बघत. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चालला होता, तो आवाज त्याला ऐकू येत असणार, कारण त्याचे डोळे भिंतीवर फिरले आणि परत तिच्यावर आले. ती म्हणाली, "रेडिओ जरा हळू लावा म्हटलं होतं. बाळ झोपतं दुपारी."

त्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी विझलं. "रेडिओ!" तो म्हणाला. "अरेरे. चार महिने! अहो, माझ्या टाळक्यात... मी आपलं... लेकरू झोपतंय खाली आणि मी..." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या वाट्याची लाज अशी सबंध उचलून त्याने स्वतःच्या अंगावर घेतली, आणि ती बघत बसली. बाईंनी येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ, मिटलं ना? बोललं की मिटतं." दिवसभर ती थाप पाठीवर भाजत राहिली.

घरी येऊन, बाळ ताब्यात घेऊन, नवरा गेल्यावर ती न्हाणीघरातल्या आरशापुढे उभी राहिली. बाळ कडेवर. दात दाखवून हसली आणि आवाज न काढता ते वाक्य म्हणून बघितलं. "मरा" म्हणताना हसू मध्येच तुटत होतं, ओठ एकमेकांवर घट्ट मिटत होते आणि मग उघडत होते. हसत हसत म्हणायचं म्हटलं तरी त्या ठिकाणी हसता येत नव्हतं, म्हणजे तेवढा शब्द त्याला वाचता आला असेल. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. बाळ आरशातल्या तिच्या ओठांकडे एकटक बघत होतं, आणि चौथ्या वेळी त्याने आपले ओठ तसेच मिटून उघडले. ती बाळाला घेऊन चटकन बाहेर आली.

त्या दिवशी रेडिओ लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. बाळ दोन-दोन तास झोपू लागलं, आणि ती छताकडे बघत जागी. जी शांतता मागितली होती ती मिळाली होती, आणि ती कशाची आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला का? नळ? आता ती बाळाच्या नाकापुढे बोट धरून झालं की छताकडे कान लावायची. नवऱ्याला म्हणाली, "वर जाऊन येतोस का जरा?" तो म्हणाला, "मी जाईन. पण मी जाऊन काय होणार?"

चौथ्या दिवशी चार वाजता ती बाळाला घेऊन वर गेली. अठरा पायऱ्या. दार त्यानेच उघडलं, मशीन कानामागे होतं, आणि खोलीत एक पलंग, एक टेबल, टेबलावर रेडिओ, रेडिओवर घडी करून टाकलेलं फडकं, पाहुणा गेल्यावर झाकून ठेवलेल्या भांड्यासारखं. "या या! बाळराजे आले!" तो म्हणाला. ती दारातच उभी राहिली. बसली असती तर सांगणं झालं नसतं, हे तिला माहीत होतं. "काका, मी दवाखान्यात खोटं बोलले. जिन्यात मी तसं म्हणाले नव्हते." त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग हात कानामागे नेला, काहीतरी नीट केल्यासारखं केलं, आणि हात खाली घेतला. तिने सांगितलं. शब्द न् शब्द. न हसता, सावकाश, उजेडात तोंड धरून, सात वेळा सांगायची सवय असलेल्या बाईने एकदाच सांगितलं. आणि हेही सांगितलं की तिला माहीत होतं, त्याला ऐकू येत नाही हे माहीत होतं म्हणूनच धीर झाला.

तो संपूर्ण वेळ बाळाकडे बघत होता. ती थांबली तेव्हा म्हणाला, "हो हो, अगदी." आणि पलंगावरची जागा दाखवत, "झालं सांगून? मग बसा आता. चहा टाकतो." आणि बाळाच्या गालाला बोट लावायला तो वाकला तेव्हा तिला त्याच्या कानामागचं मशीन दिसलं. बॅटरीचं ते टिकलीएवढं दार उघडं होतं, छोट्या नखासारखं बाहेर आलेलं. तिनेच शिकवलं होतं त्याला, उघडलं की बंद. ती बसली. चहा घेतला, बाळाने टेबलावरचं फडकं ओढून खाली टाकलं, तिघंही हसली. ज्याने ऐकायचंच नाही ठरवलं, त्याने माफ केलं असं म्हणता येईल का, हे तिला अजून कळलेलं नाही. त्या दिवसापासून रोज पाच वाजता, बाळ उठल्यावर, वर रेडिओ लागतो, हळू, इतका हळू की त्याच्या हाताला तरी कळतो की नाही कोण जाणे. तो ऐकू येईपर्यंत ती दुसरं काही करू शकत नाही.

मोठ्या बाईंचं वाक्य आता ती नव्या मुलींना सांगते, आणि मुली मान डोलावतात, खिडकीबाहेर बघतात. म्हणून ती भेटेल त्याला विचारत सुटली आहे, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या जिन्यात, तुमच्या वर किंवा खाली, कुणी आहे का, ज्याच्यावर तुम्ही महिनोन्महिने चिडला आहात आणि जे तुम्हाला नुसतं हो हो म्हणतं? आज जाऊन या. बेल एकदा वाजवून परत फिरू नका, दार ठोठावा, हाताला जाणवेल असं. उघडलं की उजेडात उभे राहा, तोंड दिसेल असं. आणि बोलताना हसू नका.